कंबर आणि कप

११ ऑक्टोबर, रविवार

जिंकलो! सेमीफायनल जिंकलो! आणि मला बूट काढता येत नाहीयेत.

पलंगाच्या कडेला कधीची बसलेय. वाकलं की कमरेतून अशी कळ येते की डोळ्यांपुढे काजवे चमकतात. शेवटी यांना हाक मारली. हे नुकतेच दुकान बंद करून आले होते. औषधांचं दुकान, रविवारी अर्धा दिवस उघडं असतंच. खाली बसून लेस सोडता सोडता म्हणाले, "लग्नातसुद्धा एवढा वाकलो नव्हतो तुझ्यापुढे." हसू आलं. हसायलाही कंबर लागते हे आज कळलं.

गोल्फचे अठरा होल, आणि सगळे पायी! एरवी मी नऊ होल खेळणारी, तेही बॅटरीच्या गाडीतून ऐटीत फिरत. पण या कपला गाडी चालत नाही. चालायचं पायी, खेळायचं जोडीने, आणि बॉल दोघींत मिळून एकच. एकदा तिने मारायचा, एकदा मी. तिने झाडीत घातला तर मी काढायचा, मी पाण्यात घातला तर तिने निस्तरायचं. म्हणजे संसारच की! फरक एवढाच की माझी जोडी यांच्याशी नाही, यांच्या थोरल्या बहिणीशी. वन्संशी. (तोंडावर मी ताई म्हणते. इथे वन्सं. इथे कोण ऐकतंय!)

शेवटच्या होलवर पट, म्हणजे बॉल होलात ढकलायचा हलका फटका, माझा होता. चांगला लांब, मध्ये उतार. मारला — घरंगळत गेला, गेला, कडेवर थबकला आणि आत! मी काठी हवेत फेकली. तेव्हाच बहुतेक कंबर गेली. वन्सं काय म्हणाल्या? "बरा गेला." बस्स. बँकेत मॅनेजर होत्या. कुणाचं कर्ज मंजूर करतानाही याहून जास्त बोलल्या नसतील.

फायनल पुढच्या रविवारी. चारच तर जोड्या असतात या स्पर्धेला. पण कप तो कप!


१२ ऑक्टोबर, सोमवार

सकाळी उठले. म्हणजे यांनी उठवलं. आधी कुशीवर वळवलं, मग पाय खाली सोडले, मग काखेत हात घालून "हं, एक, दोन—" तिनाला मी अशी ओरडले की खालच्या मजल्यावरच्या बाईंनी फोन केला, सगळं ठीक ना म्हणून.

आयुष्यभर हॉस्पिटलात नर्स होते. किती पेशंटना विचारलं असेल, "दहापैकी किती दुखतंय, सांगा बरं." आणि कुणी दहा म्हटलं की मनात म्हणायचे, काय हा कांगावा! आज आरशासमोर केस विंचरायला हात वर केला. दहा. साफ दहा.

काय काय दुखतंय? मांड्या, पोटऱ्या, डावा खांदा. तळपायाला फोड, तोही नेमका टाचेवर. उजव्या हाताचा अंगठा सुजलाय. आणि कंबर तर सगळ्यांची महाराणी. खुर्चीत बसताना शेवटची वीतभर मी बसत नाही, पडते. जिना उतरायची युक्ती मात्र शोधून काढली — उलटं उतरायचं! कठड्याला धरून, पाठ खाली करून, एकेक पायरी. दिसतं वाईट पण दुखत नाही.

आणि तरी सांगू? सकाळपासून तो पट डोळ्यांसमोर घरंगळतोय आणि दर वेळी आतच जातोय.


१३ ऑक्टोबर, मंगळवार

खरी भीती कमरेची नाही. खरी भीती वन्संची.

जोडीदार शुक्रवारी संध्याकाळपर्यंत बदलता येतो, असा क्लबचा नियम आहे. मागच्या वर्षी वन्संची जोडी डॉक्टरीणबाईंशी होती. दातांच्या डॉक्टर, वीस वर्षांची मैत्री. बाई फायनलच्या आधी जरा लंगडल्या, तर वन्संनी शुक्रवारी दुपारी त्यांना काढून दुसरीच कुणी उभी केली. वर सांगितलं काय? "मैत्री चहाला. मैदानावर पाय लागतात." (त्या दुसरीला घेऊन हरल्या, ती गोष्ट वेगळी.) डॉक्टरीणबाई तेव्हापासून दात खाऊन आहेत. यंदा स्वतःच्या सुनेला घेऊन उतरल्या. आणि त्याच फायनलला आल्या! म्हणजे रविवारी सासू-सून विरुद्ध नणंद-भावजय. क्लबात म्हणे आत्तापासून खुर्च्या धरून ठेवल्यात लोकांनी.

यंदा मी वन्संच्या जोडीला कशी? दुसरं कुणी तयार झालं नाही म्हणून. मला माहितीये ते. या घरात आले तेव्हापासून वन्संनी मला कशात धरलंच नाही. पत्ते असोत, कॅरम असो, मी कायम लिंबूटिंबू. "तू बस गं, तू बघ." तीस-पस्तीस वर्षं बघत बसले! रिटायर झाल्यावर गोल्फ शिकले, यांना सांगितलं व्यायामासाठी. खरं कारण वन्सं गोल्फ खेळतात हे होतं. आता फायनलपर्यंत पोचले, आणि कमरेपायी पुन्हा बाहेर बसून टाळ्या वाजवू? मरून जाईन पण लंगडणार नाही. निदान शुक्रवारपर्यंत.

फिजिओबाईंकडे गेले. आमच्याच हॉस्पिटलात असायच्या, आता स्वतःचं केलंय. पालथी झोपवून कमरेत कोपर घातला तेव्हा मी त्यांच्या सात पिढ्या उद्धरल्या. स्नायू आखडलाय, बाकी काही नाही, म्हणाल्या. गरम शेक, थोडं चालणं, सकाळ-संध्याकाळ व्यायाम. "आणि रविवारी खेळायचं नाही." मी म्हटलं, बरं. "सिस्टर, तुमच्या 'बरं'ला मी ओळखते."


१४ ऑक्टोबर, बुधवार

वन्संचा फोन. "उद्या सकाळी सरावाला ये." मी म्हटलं, "हो ताई, मी तर आज चार वेळा जिना चढले." कशाला बोलले! कोणी विचारलं होतं!

सबंध दुपार व्यायाम. भिंतीला पाठ लावून खाली-वर. जमिनीवर झोपून गुडघे छातीशी. हे चहा घेऊन आले आणि दारातच थांबले. "उलटं पडलेलं झुरळ पाहिलंयस?" कप तिथेच ठेवून गेले. कपापर्यंत पोचण्यात दुसरा व्यायाम झाला.

पण संध्याकाळी स्वतःच्या हाताने मोजे घातले! डावा, मग उजवा. कुणाला सांगायची सोय नाही, पण मला सोन्याचं पदक मिळाल्यासारखं झालं.


१५ ऑक्टोबर, गुरुवार

आज जे पाहिलं ते आधी लिहिते, मग जेवते.

सरावाला जायचं म्हणून वन्संच्या घरी गेले, ठरल्यापेक्षा जरा लवकरच. म्हटलं, त्या बाहेर यायच्या आत फाटकाशी ताठ उभी राहीन, म्हणजे चालताना दिसायला नको. त्यांच्या घराला बाहेरून दगडी पायऱ्या आहेत. फाटकातून पाहते तर काय — वन्सं पायऱ्या उतरताहेत. उलट्या! कठड्याला दोन्ही हातांनी धरून, पाठ माझ्याकडे, एकेक पायरी, आणि दर पायरीला "हं... हं..." करत. बँकेतली वाघीण! जिच्यापुढे शिपायापासून साहेबापर्यंत सगळे चळाचळा कापायचे ती बाई!

देवा, काय आनंद झाला मला! चांगल्या माणसाला असा आनंद होत नसतो, ठाऊक आहे. पण झाला. मी कुंपणाच्या मेंदीआड बसले — बसले म्हणजे पडलेच — आणि तोंडावर रुमाल धरून हसले. मग उठता येईना. मेंदीला धरून कशीबशी उठले, पुन्हा थोडी मागे गेले, आणि मग खोकत खोकत आले. तोवर वन्सं फाटकात ताठ उभ्या. कमरेवर हात. "किती उशीर!"

सराव काय केला? "आज लांबचे मारायला नकोत, ऊन आहे," वन्सं म्हणाल्या. "हो ना, फारच ऊन," मी म्हटलं. ऊन कसलं, आभाळ भरलेलं. नुसते पट मारले. बॉल आत गेला की काढायला वाकावं लागतं. दोघी एकमेकींकडे बघत उभ्या. मग वन्संनी पिशवीतला दुसरा बॉल काढला. मग तिसरा. शेवटी होल बॉलांनी गच्च भरला, तेव्हा वन्सं म्हणाल्या, "पुरे आता, माळी काढेल."

एकीने जरी कबूल केलं असतं तरी दोघींचा जीव हलका झाला असता. पण नाही! मीही काही कमी नाही.


१६ ऑक्टोबर, शुक्रवार

संध्याकाळ टळली. फोन आला नाही. जोडी तीच! मी आहे! आहे मी!

दिवसभर मात्र जीव टांगणीला. फोन वाजला की आधी नाव बघायचे. एकदा गॅसवाला, एकदा मुलगी. मुलीने विचारलं, "आई, तू वाकडी बसून बोलतेयस का?" फोनवर सुद्धा कळतं का वाकडं बसलेलं?

रात्रीच्या जेवणाला यांना म्हटलं, "तुम्हाला माहीत होतं ना? ताईंचं?" हे भात कालवत राहिले. मग म्हणाले, सोमवारी सकाळी ताई दुकानात आली. मलम, पट्टा, गरम पाण्याची पिशवी. म्हणाली, "बाळ्या, तुझ्या बायकोला कळलं तर बघ." म्हणजे तेच मलम, तोच पट्टा, जो सोमवारी दुपारी यांनी मला आणून दिला! आठवडाभर हा माणूस दोन घरांत शेक पोचवतोय आणि ब्र काढत नाही!

"मला का नाही सांगितलंत?"

"एका गिऱ्हाइकाचं औषध दुसऱ्याला सांगायचं नसतं. तिलाही तुझं नाही सांगितलं."

इतका राग आला, आणि इतकं प्रेमही आलं. वाढता वाढता आणखी एक पोळी घातली ताटात.


१७ ऑक्टोबर, शनिवार

खुर्चीतून हात न टेकता उठले. दोनदा. दुसऱ्यांदा नुसतीच हौस म्हणून.

वन्संचा फोन: पहिला, तिसरा, पाचवा — विषम होलवर सुरुवात तू करायची, सम होलवर मी. "आणि काही दुखतंबिखतं असेल तर आत्ताच सांग." मी म्हटलं, "छे! तुमचं?" तिकडून लगेच, "मला काय धाड भरलीये!"


१८ ऑक्टोबर, रविवार

जिंकलो जिंकलो जिंकलो!

पलंगावर आडवी पडून लिहितेय. वही छातीवर. अक्षर कसंही येऊ दे. सगळं लिहिल्याशिवाय झोप लागायची नाही.

आधी सांगायचं ते हे की चौदा होलपर्यंत कंबर मेली होती की बरी झाली होती देव जाणे, पण दुखली नाही! पट्टा आत, वर सैल शर्ट. वन्संचाही शर्ट सैल. चढावर दोघी सारख्याच थांबायच्या, आणि दोघी "काय छान वारा येतोय" म्हणायच्या. सासू-सून पुढे तरातरा. म्हणजे सून तरातरा. सासूबाईही गेल्या वर्षीपेक्षा बऱ्या. चौदा संपले तेव्हा आम्ही एका होलने पुढे होतो.

आणि पंधराव्यावर मी माती खाल्ली.

सुरुवात माझी. समोर तळं. मारला तो थेट डुबुक. पण मारताना कंबर अशी सहज वळली, एवढीसुद्धा कळ नाही, की मला बॉल गेल्याचं दुःखच होईना. वळली! माझी कंबर वळली! त्या आनंदात मी खिशातून दुसरा बॉल काढला, ठेवला, आणि पुन्हा हाणला. काय गेला म्हणून सांगू! तळ्यावरून, झाडावरून, थेट होलभोवतीच्या हिरवळीच्या मधोमध. जन्मात असा मारला नव्हता. मागे वळून बघते तर काय! वन्सं काठी हातात घेऊन उभ्या. त्यांची पाळी होती. एक बॉल, आळीपाळीने — पाण्यात गेला तरी पुढचा फटका जोडीदाराचा. पाळी सोडून मारला की होल गेला.

"होल आमचा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. गोड आवाजात. दात काढताना असाच आवाज असणार त्यांचा.

बरोबरी. मला वाटलं धरणी दुभंगावी. पस्तीस वर्षं जिला कशात धरलं नाही, तिने पहिल्याच संधीला हे दिवे लावले! वन्सं बोलल्या असत्या तर बरं वाटलं असतं. पण त्या नुसत्या बघत राहिल्या, बॉल गेला त्या दिशेला. मग म्हणाल्या, "चल."

सोळा, सतरा बरोबरीत. अठरावा. सुरुवात वन्संची, सरळ. माझा दुसरा, ठीक. वन्संचा तिसरा हिरवळीच्या अलीकडच्या रेतीच्या खड्ड्यात. खड्डा म्हणजे डोक्याएवढा खोल. आता पाळी माझी. उतरले कशी ते विचारू नये — बसून, घसरत. शर्टात, पट्ट्यात, सगळीकडे रेती. आतून फक्त होलवरच्या झेंड्याचं टोक दिसत होतं. क्लबाच्या व्हरांड्यातून अख्खी पंचायत बघतेय. मी स्वतःला म्हटलं, सिस्टर, दुखलं तर दुखू दे, उद्या ओरडायला सबंध दिवस आहे. आणि मारला. रेती उडाली, डोळे मिटले. वरून टाळ्या ऐकू आल्या तेव्हा कळलं की बाहेर पडला!

बॉल बाहेर, मी आत. पाय उचलेना. तेवढ्यात वर वन्सं दिसल्या. त्यांनी हात पुढे केला. मी धरला, त्यांनी ओढलं — आणि दोघी एकदमच ओरडलो, "आई गं!" एकदम! एका सुरात! मी वर, त्या माझ्यावर टेकलेल्या, दोघींचे हात आपापल्या कमरेवर. वन्संनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या शर्टाखालून पट्टा बाहेर आलेला. त्यांचाही. मग वन्सं हसल्या. मी त्यांना असं हसताना कधी पाहिलं नव्हतं, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "बाळ्याला बघते घरी गेल्यावर," एवढंच म्हणाल्या.

सुनेचा पट कडेला लागून बाहेर आला. बिचारी! चांगली खेळली पोर. आता आमचा आत गेला की कप आमचा. दोन हात अंतर, एवढ्याला समोरचे 'आत गेला' असं मानून सोडून देतात, पण डॉक्टरीणबाई तयार नाहीत. "घालून दाखव," म्हणाल्या. मागच्या वर्षीचं सगळं त्यात होतं. वन्सं उभ्या राहिल्या. अंतर नजरेने मोजलं, काठी मागे नेली. 

आत!

मग पंचाईत. बॉल होलमध्ये, आणि काढायला वाकणार कोण? वन्सं माझ्याकडे, मी वन्संकडे. शेवटी सुनेनेच वाकून काढला आणि माझ्या हातात दिला. डॉक्टरीणबाई वन्संपाशी आल्या. म्हणाल्या, "लंगडत जिंकलीस गं." वन्सं म्हणाल्या, "हो. तुझ्याशी चुकलेच मी." दोघी तिथेच उभ्या राहिल्या बराच वेळ, हातात हात धरून. मी बाजूला झाले.

व्हरांड्यातल्या लाकडी फळ्यावर यंदाच्या ओळीत आमची दोघींची नावं येणार. माझं नाव! सोनेरी रंगात! हे फळ्याखाली उभं राहून बघत होते, जिथे अजून काहीच लिहिलेलं नाही तिथे.


१९ ऑक्टोबर, सोमवार

दहापैकी बारा.

कप मधल्या टेबलावर आहे. पलंगावरून दिसेल असा यांना ठेवायला लावला. फिजिओबाईंचा फोन: "पेपरात नाही आलं, पण मला कळलं." ओरडल्या, ओरडल्या, आणि शेवटी म्हणाल्या, "रेतीतून एका फटक्यात?" एका फटक्यात, म्हटलं.

दिवसभर झोपले, जागी झाले, कप बघितला, झोपले. असा सुखाचा आजार उभ्या आयुष्यात आला नाही.


२० ऑक्टोबर, मंगळवार

वन्सं आल्या. बसल्या नाहीत. दारातूनच म्हणाल्या, "पुढच्या वर्षी मी तुला जोडीला घेणार नाही."

मी म्हटलं, "ताई, पंधराव्या होलमुळे?"

"हो, त्याच्यामुळेच. तो दुसरा बॉल तू जसा मारलास, तसा मला वीस वर्षांत जमला नाही. रात्रभर तेच डोळ्यांपुढे. जोडीला काय, कुणीही चालतं गं. समोर खेळायला तोडीचं माणूस लागतं. कधी येतेस?"

शनिवारी, म्हटलं. हरवणार आहे मी त्यांना!